पुलाखालचा मासा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रोतेहो, पुलावरून जाणारा माणूस सहसा पुलाखाली पाहत नाही. त्याला पलीकडे पोहोचायचे असते. पण प्रत्येक पुलाखाली आणखी एक रहदारी चालू असते. तिला भरती-ओहोटीचे वेळापत्रक असते आणि ती पुलाच्या दिव्यांखालून, खांबांना वळसा घालून जाते. आज मला या खालच्या रहदारीविषयी बोलायचे आहे.

माझे लहानपण कोकणातल्या एका खाडीकाठी गेले. आमचे मामू रात्री जुन्या पुलाच्या खांबापाशी तंगूस सोडून जिताड्याची वाट पाहत बसायचे. एवढी मोठी खाडी सोडून खांबापाशीच का, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "तिथं पाणी दम खातं रे. पाणी दम खातं तिथं मासा दम खातो." पुढे बऱ्याच वर्षांनी अमेरिकेतल्या पुलांखाली चालणाऱ्या मासेमारीविषयी वाचू लागलो आणि मामूंचे हे वाक्य मला पानोपानी भेटू लागले. त्यांनी अमेरिका पाहिली नव्हती. पण पाणी सगळीकडे सारखेच वागते.

तिथल्या या माशाचे नाव स्ट्राइप्ड बास. रुपेरी अंग आणि त्यावर शेपटीपर्यंत गेलेल्या सात-आठ काळ्या रेघा, जणू शाळकरी मुलाची वही. गळवाले त्याला लाडाने स्ट्रायपर म्हणतात आणि मेरीलँडकडची माणसे रॉकफिश, म्हणजे खडकातला मासा, म्हणतात. त्याच्या शास्त्रीय नावातही 'खडकांत राहणारा' असाच अर्थ आहे. हा मासा वाढतो समुद्रात, पण वसंत ऋतूत अंडी घालायला नद्यांच्या गोड्या पाण्यात चढतो. अंडी फुटेपर्यंत दोन-तीन दिवस ती वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात. प्रवाह मंदावला आणि ती तळाशी बसली, तर गुदमरतात. म्हणजे या माशाचा वंश नदीच्या वाहतेपणावर अवलंबून आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

खडकांत राहणाऱ्या या माशाच्या मुलखात माणसाने पूल बांधले. १८८३ साली ब्रुकलिनचा पूल झाला, १९३६ आणि १९३७ साली सॅन फ्रान्सिस्कोचे दोन मोठे पूल झाले, १९५२ साली चेसापीक उपसागरावरचा पूल झाला. १९६४ साली त्याच उपसागराच्या मुखाशी साडेसतरा मैलांचा पूल-बोगदा झाला. तो काही अंतर पुलावरून जातो, मग जहाजांना वाट देण्यासाठी समुद्राच्या तळाखाली उतरतो आणि पुन्हा वर येतो. अभियंत्यांनी ही कामे मोटारींसाठी केली. माशांच्या दृष्टीने मात्र ते हजारो नवे खडक होते. खांबांवर कालवे आणि शिंपले चढले, त्यांच्या आधाराने खेकडे आणि बारीक मासे आले, आणि त्यांच्या मागोमाग बास आला.

पुलाच्या खांबावर ओहोटीचे पाणी आदळले की समोर त्याची एक गादी तयार होते आणि मागे भोवरे. या दोन्ही जागी मोठा मासा फारशी ताकद न घालवता उभा राहतो आणि प्रवाह त्याच्या तोंडापर्यंत खाद्य आणून देतो. रात्री आणखी एक गंमत होते. पुलावरच्या दिव्यांचा उजेड पाण्यावर पडतो आणि पुलाची सावलीही पडते. या दोहोंमध्ये एक सरळ रेघ उमटते. मोठा बास रेघेच्या आत, अंधारात, प्रवाहाकडे तोंड करून थांबतो. उजेडातून वाहत येणाऱ्या लहान माशाला अंधारातले काही दिसत नाही. अंधारातल्याला मात्र उजेडातले सगळे दिसते. जाणता गळवाला आपले आमिष प्रवाहाच्या वरच्या अंगाला, उजेडात टाकतो आणि एखादा दमलेला मासा वाहत यावा तसे ते सावलीच्या रेघेपर्यंत येऊ देतो. घाव बसतो तो त्या रेघेवर.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. गळ लागलेला मासा पहिली धाव घेतो ती खांबाकडे. खांबावरचे शिंपले वस्तऱ्यासारखे असतात. दोर त्यांना घासला की कारभार संपला. जाड दोर आणि दणकट काठी असेल तर माणूस माशाला रेटून बाहेर काढू शकतो. पण काही मंडळींनी मुद्दाम हलकी साधने निवडली. बारीक दोर, लवचिक काठी, आणि त्याहीपुढे जाऊन फ्लाय, म्हणजे केसांनी आणि पिसांनी मढवलेला गळ. हा गळ इतका हलका असतो की तो फेकताच येत नाही. फेकायचा असतो तो वजनदार दोर, आणि त्याच्या टोकाला धरून पीस उडत जाते. घोडागाडीवाल्याच्या आसुडासारखा दोर मागे-पुढे झुलवत माणूस खांबाच्या कुशीत ते पीस नेमके ठेवतो. दोराच्या टोकाशी एक बारीक तुकडा असतो. तो १२-१५ पौंडांच्या ओढीला तुटतो. आणि पलीकडे तीस-चाळीस पौंडांचा मासा! माणसाने स्वतःची ताकद आपणहून कमी करून घेतलेला हा खेळ आहे.

या खेळाच्या इतिहासाची सुरुवात मात्र खेळाने होत नाही. ती होते भुकेने आणि कायद्याने. इंग्लंडहून आलेले वसाहतवाले मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा हा मासा इतका मुबलक होता, की लोक तो शेतात खत म्हणून घालत. १६३९ साली तिथल्या वसाहतीच्या सभेने नियम केला, की बास आणि कॉड हे मासे खतासाठी वापरायचे नाहीत. या खंडात युरोपीय वसाहतींनी केलेल्या निसर्गरक्षणाच्या अगदी पहिल्या कायद्यांमध्ये त्याची गणना होते. १६७० साली प्लिमथ वसाहतीने तर आणखी मोठी गोष्ट केली. केप कॉडच्या बास, मॅकरेल आणि हेरिंगच्या मासेमारीचे उत्पन्न मोफत शाळेसाठी लावून दिले. माशाच्या पैशांतून मुले अक्षरे शिकली. वहीच्या रेघा अंगावर घेऊन फिरणाऱ्या माशाला हे शोभलेही.

दोनशे वर्षांनी अमेरिका बदलली होती. १८६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या धनिकांनी कटीहंकसारख्या बेटांवर आपले बास क्लब काढले. खडकांवर लाकडी मचाणे बांधली, त्यांच्या पाळ्या लावल्या आणि आमिष म्हणून चक्क लॉब्स्टरच्या शेपट्या वापरल्या. शतक संपता संपता मासा आटला आणि क्लबही ओस पडले. त्याच कटीहंकजवळ १९१३ साली चार्ल्स चर्च यांनी ७३ पौंडांचा बास धरला. गळाच्या मासेमारीतला तो विक्रम जवळजवळ सत्तर वर्षे टिकला. आज २०११ साली कनेटिकटच्या किनाऱ्याजवळ धरलेला ८१ पौंड १४ औंसांचा, म्हणजे सुमारे ३७ किलोंचा मासा विक्रमावर आहे.

दरम्यान या माशाने एक विलक्षण प्रवास केला होता. तो फक्त अटलांटिकच्या बाजूचा. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर त्याचा मागमूस नव्हता. लिव्हिंगस्टन स्टोन नावाच्या मत्स्यतज्ज्ञाने तो आगगाडीने पलीकडे न्यायचे ठरवले. १८७३ साली मासे घेऊन निघालेला त्याचा खास डबा नेब्रास्कात एका नदीवरचा लाकडी पूल खचल्याने पाण्यात कोसळला. स्टोन बचावला आणि हट्टाने कामाला लागला. १८७९ साली न्यूजर्सीतल्या नॅव्हसिंक नदीतली सव्वाशेच्या थोडी वर बास पिल्ले, वाटेत पाणी बदलत आणि हवा भरत, संपूर्ण खंड ओलांडून कॅलिफोर्नियात पोहोचली आणि मार्टिनेझजवळ पाण्यात सोडली गेली. १८८२ साली आणखी सुमारे तीनशे आली. एवढ्याच भांडवलावर वंश असा फोफावला, की दहा वर्षांत मासा सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारात विकायला आला आणि १८९९ साली बारा लाख पौंडांहून अधिक बास धरला गेला. १९३५ साली कॅलिफोर्नियाने त्याची व्यापारी मासेमारी बंद केली आणि तो फक्त गळवाल्यांचा राहिला.

याच सॅन फ्रान्सिस्को उपसागरावर १९५६ साली रिचमंड ते सॅन राफेल असा साडेपाच मैलांचा पूल झाला. त्या परिसरात एक तरुण चित्रकार लहान नाव घेऊन फिरू लागला. त्याचे नाव रसेल चॅटम. त्याचे आजोबा गॉटार्डो पियाझोनी हेही नामांकित चित्रकार. चॅटमकडे पैसे बेताचे, पण वेळ आणि नजर भरपूर. मोठमोठ्या बोटींवरून जाड दोरांनी, जिवंत आमिष लावून लोक बास धरत असताना हा माणूस पिसांचा गळ घेऊन उपसागराच्या उथळ पाण्यात आणि पुलाच्या आसपास रात्री-पहाटे हिंडत असे. महानगराच्या ऐन मध्यात, मोटारींच्या आवाजाखाली, तुरुंगाच्या आणि तेलाच्या कारखान्यांच्या दिव्यांसमोर. १९४८ साली जो ब्रुक्स या गळवाल्याने ऑरेगॉनच्या कूस बे येथे फ्लायवर २९ पौंड ६ औंसांचा बास धरला होता. १९६६ साली चॅटमने सॅन फ्रान्सिस्को उपसागरात ३६ पौंड ६ औंसांचा धरला आणि फ्लायचा विक्रम त्याच्या नावावर गेला. १९७३ साली ऑरेगॉनच्याच स्मिथ नदीत बेरिल ब्लिस यांनी साडेचौसष्ट पौंडांचा मासा धरून त्यावरही कडी केली. हे पॅसिफिकचे सगळे मासे आगगाडीने आलेल्या त्या पिल्लांचे वंशज, हे विसरू नका.

चॅटम पुढे मोंटानात गेला, निसर्गचित्रांसाठी नावाजला आणि २०१९ साली वारला. त्याने या दिवसांवर लिहिलेही. मला त्याचे महत्त्व विक्रमापुरते वाटत नाही. निसर्ग म्हणजे दूरचे अरण्य, असे आपण मानतो. त्याने तो शहराच्या कुशीत, पुलाच्या सावलीत शोधला.

इकडे पूर्वेला, मेरीलँडमध्ये, बर्नार्ड क्रे नावाचा माणूस होता. डावखुरा म्हणून त्याला सगळे लेफ्टी म्हणत. दुसऱ्या महायुद्धात तो युरोपात बल्जच्या लढाईत होता. परत आल्यावर जो ब्रुक्सनेच त्याला फ्लायचा नाद लावला. चेसापीकच्या बाससाठी त्याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस कोंबड्याच्या मानेजवळच्या लांब पिसांचा एक फ्लाय बांधला. पिसे गळाच्या मागच्या टोकाला बांधली, म्हणजे फेकताना ती गळाभोवती गुंडाळत नाहीत. हवेत निमुळता जातो आणि पाण्यात पडला की लहान माशासारखा श्वास घेतो. 'लेफ्टीज डिसीव्हर', लेफ्टीचा फसव्या, हे त्याचे नाव. १९९१ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्याचे चित्र तिकिटावर छापले. चार पिसे आणि एक गळ, पण पोस्टाच्या तिकिटापर्यंत पोहोचला.

आता कथेची काळी बाजू. ज्या वर्षांत हा खेळ बहरत होता, त्याच वर्षांत मासा संपत होता. १९७३ साली अटलांटिक किनाऱ्यावर व्यापारी मासेमारीत १ कोटी ४७ लाख पौंड बास धरला गेला. १९८३ साली हा आकडा १७ लाखांवर आला. दहा वर्षांत जवळजवळ नऊ-दशांश गेला. अतिमासेमारी हे मोठे कारण. जोडीला नद्यांचे प्रदूषण. हडसन नदीत कारखान्यांनी सोडलेली पीसीबी नावाची विषारी रसायने माशांच्या अंगात इतकी मुरली, की १९७६ साली तिथली बासची व्यापारी मासेमारीच बंद करावी लागली.

पण याच हडसनकाठी या माशाने माणसांना कोर्टाची पायरी चढायला लावले. १९६२ साली कॉन एडिसन या वीज कंपनीने स्टॉर्म किंग डोंगरावर एक प्रकल्प जाहीर केला. नदीचे पाणी उपसून डोंगरावर चढवायचे आणि गरज पडेल तेव्हा खाली सोडून वीज करायची. रॉबर्ट बॉयल हा क्रीडा-पत्रकार स्वतः गळवाला होता. त्याने दाखवून दिले, की नेमक्या याच पट्ट्यात बास अंडी घालतो. मी मघाशी म्हटले, ती अंडी वाहत्या पाण्यात तरंगत असतात. पंप पाण्याबरोबर तीही ओढून घेणार होते. १९६५ साली अपील न्यायालयाने निकाल दिला, की निसर्गाची आणि सौंदर्याची काळजी असणाऱ्या सामान्य नागरिकांनाही अशा प्रकल्पाविरुद्ध दाद मागता येते. अमेरिकेतल्या पर्यावरण कायद्याचा पाया इथे घातला गेला. १९८० साली तडजोड होऊन प्रकल्प रद्द झाला.

पाचच वर्षांनी पुन्हा तेच. मॅनहॅटनच्या कडेने नदीत सुमारे २०० एकर भराव घालून 'वेस्टवे' नावाचा महामार्ग करायचा होता. राजकीय पाठबळ आणि केंद्राचा पैसा दोन्ही तयार. पण तिथल्या जुन्या, कुजक्या धक्क्यांच्या खांबांत बासची पिल्ले थंडी काढतात, असे आढळले. अधिकाऱ्यांनी या माहितीचे महत्त्व नीट मांडले नाही, असे म्हणत न्यायमूर्ती थॉमस ग्रीसा यांनी १९८५ साली भरावाला मनाई केली आणि योजना बारगळली. माणसाने टाकून दिलेले खांब माशाच्या पिल्लांना पाळणा झाले होते.

त्याच सुमारास मेरीलँडने एक अवघड निर्णय घेतला. १ जानेवारी १९८५ पासून राज्यात हा मासा धरायला संपूर्ण बंदी. कोळ्यांचे पोट त्यावर, हॉटेलांचा धंदा त्यावर आणि राज्याचा मानाचा मासाही तोच. पिढीजात कोळी संतापले, काहींनी जाळी विकली. बंदी पाच वर्षे टिकली. १९९० साली मर्यादित मासेमारी सुरू झाली आणि १९९५ साली मासा सावरल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले. माणसाने वेळेवर हात आवरला तर निसर्ग माफ करतो, याचे हे दुर्मीळ उदाहरण. पण या माफीची किंमत सगळ्यांनी सारखी दिली नाही, हेही नोंदवले पाहिजे. नाद असलेल्याने पाच वर्षे दुसरा मासा धरला. पोट असलेल्याने कर्ज काढले.

गोष्ट इथे सुखाने संपली असती तर बरे झाले असते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने पुन्हा सांगितले, की मासा प्रमाणाबाहेर कमी झाला आहे. मेरीलँडमध्ये १९५४ पासून दर वर्षी पिल्लांची मोजणी होते. २०१९ ते २०२४ अशी सलग सहा वर्षे ती सरासरीच्या खूप खाली राहिली. हिवाळे उबदार झाले, वसंतातले नद्यांचे पाणी घटले आणि अंड्यांचे गणित बिघडले. मोठे मासे बहुतेक सगळे माद्या असतात आणि एकेक मोठी मादी लक्षावधी अंडी घालते. म्हणून २०२३ पासून समुद्रात फक्त २८ ते ३१ इंचांमधलाच मासा ठेवता येतो. त्याहून मोठा परत पाण्यात सोडायचा.

इथे हलक्या साधनांच्या खेळापुढे एक प्रश्न उभा राहतो. या खेळाचा मोठेपणा कशात होता? तर माशाला संधी देण्यात. पण बारीक दोरावर अर्धा तास झुंजवलेला मासा, उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात, सोडल्यावर जगतोच असे नाही. तज्ज्ञांच्या हिशेबात सोडलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के मरतात. आकडा लहान वाटतो; पण दर वर्षी कोट्यवधी मासे सोडले जातात, त्याचा नववा हिस्सा नव्हे, शंभरातला नववा म्हटला तरी ती संख्या मोठी होते. म्हणून आता जाणती मंडळी उलट सांगतात. दोर थोडा जाड घ्या, झुंज लवकर संपवा, मासा पाण्याबाहेर काढू नका, पाणी तापले असेल तर त्या दिवशी काठी घरी ठेवा. शौर्याची व्याख्या बदलली. पूर्वी कमी ताकदीने जिंकणे हे शौर्य होते. आता जिंकल्यावर लवकर सोडणे.

कॅलिफोर्नियात वाद निराळाच आहे. तिथले काही लोक म्हणतात, हा मासा परका आहे, आमच्या साल्मनची पिल्ले खातो, त्याला हटवा. दुसरे म्हणतात, साल्मन घटला तो मुख्यतः धरणांमुळे आणि नद्यांचे पाणी वळवल्यामुळे. दोष बासच्या माथी मारणे सोपे आहे, इतकेच. तज्ज्ञांच्या भांडणात मी पडत नाही. पण कवी म्हणून एक प्रश्न मनात येतो. १८७९ साली आगगाडीने आलेला मासा, ज्याच्या कितीतरी पिढ्या त्याच पाण्यात जन्मल्या, तो किती वर्षांनी तिथला म्हणायचा?

श्रोतेहो, मामू आता नाहीत. जुना पूलही पाडला, नवा उंच झाला. ते खांबापाशी बसत तेव्हा एखादे लहान जिताडे आले, तर गळ काढून परत सोडायचे. आम्ही पोरे हळहळायचो. ते म्हणायचे, "मोठं होऊ दे. पूल कुठं जातोय?" आज वाटते, पूल जातातही, मासेही जातात. राहतो तो आपण वेळेवर मोकळा केलेला हात.

अमेरिकेत मोठा बास सोडताना त्याला एकदम फेकत नाहीत. शेपटीला धरून, तोंड प्रवाहाकडे करून, पाण्यात थोडा वेळ उभा धरतात. कल्ल्यांतून पाणी खेळते, अंगात जीव येतो आणि एका क्षणी तो स्वतःच हाताला हिसका देऊन पुलाच्या सावलीत शिरतो. वरून मोटारी जात असतात. त्यांतल्या कुणालाच ठाऊक नसते, की आत्ता खाली कुणीतरी पलीकडे पोहोचले.